‘बुद्धचरित’ : नेपाळातून लंडनमार्गे आपल्या घरात



आपल्या लोकांना एक टोमणा फार जुना आहे. कारखान्यात, कचेरीत, चाळीच्या कट्ट्यावर कुठे धर्मग्रंथांचा विषय निघाला आणि आपल्यापैकी कोणी मुद्द्याचे बोलू लागला, की समोरचा हमखास विचारतो, “तुम्ही मूळ संस्कृत वाचलंय का? भाषांतरावर बोलू नका.” आपला माणूस तिथे गप्प बसतो. आपण काहीतरी उसने घेऊन बोलत आहोत असे त्याचे त्यालाच वाटू लागते. त्याने गप्प बसण्याचे काहीएक कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी या आठवड्यात आम्ही एका संस्कृत महाकाव्याची आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराची हकीकत सांगणार आहोत. हे महाकाव्य रामायण नव्हे, महाभारतही नव्हे. ते तथागतांच्या जीवनावरचे आहे. त्याचे नाव ‘बुद्धचरित’, कवी अश्वघोष.

अश्वघोष हा साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. साकेत नगरीचा, म्हणजे आजच्या अयोध्येचा. आपल्या आईचे नाव सुवर्णाक्षी असे तो आपल्या दुसऱ्या काव्यात नोंदवून ठेवतो. तो जन्माने ब्राह्मण होता, पुढे भिक्षू झाला, अशी परंपरा आहे. ‘बुद्धचरित’ मूळचे अठ्ठावीस सर्गांचे. सिद्धार्थाच्या जन्मापासून महापरिनिर्वाणानंतरच्या अस्थिवाटपापर्यंत सारी कथा त्यात आली आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहून गेला आहे की, हे काव्य भारताच्या पाचही भागांत आणि दक्षिण समुद्राकडील देशांत म्हटले जाते. एके काळी घरोघर, विहारोविहारी गायले जाणारे हे काव्य होते.

मग त्याचे झाले काय? बौद्ध धम्म या देशातून हटला, विहार ओस पडले आणि काव्यही गेले. संस्कृतात आज त्याचा जेमतेम अर्धा भाग उरला आहे. पहिल्या सर्गाचा सुरुवातीचा काही भाग नाही आणि चौदाव्या सर्गात मजकूर मध्येच तुटतो. संस्कृतवर हक्क सांगणाऱ्यांनी संस्कृतातलाच हा ठेवा सांभाळला नाही. तो सांभाळला दोघांनी. एक नेपाळातल्या बौद्धांनी, ज्यांच्याकडे हस्तलिखिते राहिली. दुसरे भाषांतरकारांनी. पाचव्या शतकात हे काव्य चिनी भाषेत गेले होते आणि पुढे तिबेटी भाषेतही गेले. त्या दोन भाषांत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सर्ग शिल्लक आहेत. म्हणजे आज बुद्धचरिताचा उत्तरार्ध वाचायचा तर संपूर्ण ‘मूळ संस्कृत’ कोणालाच मिळत नाही, मोठ्यातल्या मोठ्या शास्त्र्यालाही नाही. तिथे त्यालाही भाषांतराचाच आधार घ्यावा लागतो.

नेपाळातल्या अमृतानंद नावाच्या बौद्ध पंडिताची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १८३० च्या सुमारास काठमांडूत बसून त्याने या काव्याची प्रत केली. पुढचे सर्ग कुठेच सापडेनात, तेव्हा त्याने स्वतः रचना करून सतराव्या सर्गापर्यंत कथा नेली. मात्र मी शोध केला, मिळाले नाही, म्हणून हे मी रचले, असे त्याने शेवटी प्रामाणिकपणे लिहून ठेवले. जुन्या पोथ्यांत स्वतःची भर घालून ती ऋषींच्या नावावर खपवणारे या देशात थोडे झाले नाहीत. अमृतानंदाने तसे केले नाही. या प्रामाणिकपणामुळेच पुढच्या अभ्यासकांना अश्वघोषाचे किती आणि अमृतानंदाचे किती हे वेगळे करता आले.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजांनी संस्कृत ग्रंथांची भाषांतरे सुरू केली ती आपल्यावर उपकार करण्यासाठी नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. १७८५ साली चार्ल्स विल्किन्सचे गीतेचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा त्याच्या पाठीशी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज होता. १७९४ साली विल्यम जोन्सने मनुस्मृती इंग्रजीत आणली. ज्या प्रजेवर राज्य करायचे तिचे कायदे आणि समजुती राज्यकर्त्याला कळाव्यात, हा त्यामागचा हिशेब होता. पण एकदा पेटीचे झाकण उघडले की आत काय आहे ते उघडणाऱ्यालाच दिसते असे नाही, शेजारी उभा असलेल्यालाही दिसते. नेमके हेच पुढे घडले.

बुद्धचरित इंग्रजीत आले ते तीन-चार टप्प्यांत. १८८३ साली सॅम्युअल बील याने चिनी भाषांतरावरून इंग्रजी केले. १८९४ साली केंब्रिजचे संस्कृतचे प्राध्यापक ई. बी. कोवेल यांनी नेपाळकडून आलेल्या हस्तलिखितांवरून सरळ संस्कृतातून भाषांतर केले. ही दोन्ही पुस्तके मॅक्स म्युलरच्या ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या मालेत निघाली. नंतर काठमांडूत एक जुनी ताडपत्रावरची प्रत उजेडात आली. ती हाताशी धरून ई. एच. जॉन्स्टन यांनी शुद्ध संस्कृत पाठ तयार केला आणि १९३६ साली नवे इंग्रजी भाषांतर दिले. हे जॉन्स्टन पूर्वी इथे आय. सी. एस. अधिकारी होते, आणि त्यांचे पुस्तक लाहोरच्या पंजाब विद्यापीठासाठी छापले गेले. हरवलेले सर्गही त्यांनी तिबेटी आणि चिनी पाठ ताडून इंग्रजीत आणले. अगदी अलीकडे, २००८ साली, पॅट्रिक ऑलिव्हेल यांचे भाषांतर न्यूयॉर्कहून निघाले. त्यात एका पानावर संस्कृत श्लोक आणि समोरच्या पानावर इंग्रजी आहे.

यातल्या कोवेलसाहेबांकडे जरा निरखून पाहा. केंब्रिजला जाण्यापूर्वी ते कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजचे प्रिन्सिपल होते. त्या कॉलेजात १८५० पर्यंत ब्राह्मण आणि वैद्य या दोनच जातींच्या मुलांना प्रवेश होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी दार थोडे किलकिले केले, तेही प्रथम कायस्थांपुरते. अशा कॉलेजचा प्रमुख म्हणून सातासमुद्रापलीकडचा इंग्रज चालला. त्याला संस्कृत शिकता आले, शिकवता आले. या मातीतल्या अस्पृश्याच्या मुलाच्या कानावर मात्र ते पडू द्यायचे नाही, असा न्याय होता.

हा न्याय मुंबईतल्या एका मुलाच्या वाट्याला आला. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकराला संस्कृत विषय घ्यायचा होता. तो घेऊ दिला गेला नाही. नाइलाजाने त्याला फारसी घ्यावी लागली. घरात रामायण-महाभारताला तोटा नव्हता. वडील रामजीबाबा मुलांना हे ग्रंथ नेमाने वाचायला लावीत. पण मुलगा मुकाट्याने ऐकणारा नव्हता. भीष्म, द्रोण, कृष्ण आपल्याला पटत नाहीत, वालीला मारणारा आणि सीतेशी तसा वागणारा राम पटत नाही, असे तो वडिलांना सांगे. अशातच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र त्याच्या हाती ठेवले. संस्कृतचे दार लोटले गेले होते, पण मराठीच्या खिडकीतून उजेड आला.

पुढे बाबासाहेबांनी काय केले? ते रडत बसले नाहीत. १९४६ साली त्यांचा ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या टोमण्याला उत्तर देऊन ठेवले आहे. संस्कृतचे ज्ञान नाही हे ते सरळ मान्य करतात. पण त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे ते मान्य करीत नाहीत. संस्कृतातले बहुतेक सारे वाङ्मय इंग्रजीत आलेले आहे, आणि आपण पंधरा वर्षे ते अभ्यासले आहे, तेवढे पुरे आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. बंधूंनो, पंधरा वर्षे! टोमणा मारणाऱ्याला हा आकडा ऐकवावा, आणि आपणही तो लक्षात ठेवावा. भाषांतर वाचणे कमीपणाचे नाही. न वाचता बोलणे कमीपणाचे आहे.

आता बुद्धचरित आपल्या घरात कसे आले ते पाहू. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली एक प्रस्तावना लिहिली होती, पण ती पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नाही. तीत बाबासाहेब सांगतात की, हा ग्रंथ अनेक पुस्तकांतून वेचून केलेला आहे, त्यात अपूर्वतेचा दावा नाही. त्या पुस्तकांपैकी ते मुद्दाम नाव घेतात ते अश्वघोषाचे. त्याच्या काव्याची बरोबरी कोणी करू शकत नाही, अशी त्याची थोरवी ते गातात, आणि काही प्रसंगांत आपण त्याची भाषाही घेतली आहे असे मोकळेपणाने सांगतात.

कोणते हे प्रसंग? ग्रंथाचा पहिला खंड काढा. उदायी राजपुत्राला सुखोपभोगाचा उपदेश करतो आणि सिद्धार्थ त्याला उत्तर देतो, तो भाग. छन्न आणि कंथक घोडा यांचा निरोप. छन्न एकटाच परत येतो तेव्हा घरात उठलेला आकांत. राजा बिंबिसार राज्य देऊ करतो आणि गौतम ते नाकारतो, तो संवाद. बुद्धचरिताचे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवून हे भाग वाचले की सूर ओळखीचा लागतो. प्रजापती गौतमी रडत रडत म्हणते की, माझ्या लेकाचे ते कोवळे पाय रानातल्या कठीण जमिनीवर कसे चालतील. हे वाचताना वर्षावासात बसलेल्या आयाबाया पदराने डोळे पुसतात, हे आम्ही पुष्कळ विहारांत पाहिले आहे. ती करुणा अश्वघोषाची आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साकेतच्या भिक्षूचे शब्द नेपाळच्या पोथीतून, विलायतेतल्या छापखान्यातून, बाबासाहेबांच्या लेखणीतून आणि पुन्हा मराठीतून आपल्या वस्तीतल्या माउलीपर्यंत पोहोचले आहेत.

पण बाबासाहेबांनी जे घेतले त्याहून जे घेतले नाही ते अधिक महत्त्वाचे आहे.

अश्वघोषाच्या काव्यात राजपुत्र रथातून फिरायला निघतो, त्याला म्हातारा दिसतो, रोगी दिसतो, प्रेत दिसते, नंतर संन्यासी भेटतो, आणि तो घर सोडतो. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या आरंभीच प्रश्न टाकला की, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटते काय? पटत नाही. म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत विरुद्ध जाते आणि तो परिव्रज्या पत्करतो. पाण्याच्या हक्कासाठी महाडला उभे राहिलेल्या माणसाला त्या नदीच्या तंट्याचे मोल कळले, यात नवल काय!

दुसरा फरक यशोधरेचा. अश्वघोषाच्या काव्यात अंतःपुरातल्या स्त्रिया अस्ताव्यस्त झोपलेल्या पाहून राजपुत्राला किळस येते आणि तो मध्यरात्री न सांगता निघून जातो. यशोधरेला कळते ते छन्न परतल्यावर. मग ती छन्नाला आणि त्या मुक्या घोड्याला बोल लावते. काव्य म्हणून तो विलाप हृदय हेलावून टाकणारा आहे. पण आपल्या बायकोला झोपेत टाकून जाणारा बुद्ध बाबासाहेबांनी पत्करला नाही. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ यशोधरेला समोर बसवून सारे सांगतो. ती मन आवरते आणि म्हणते की, तुमच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, राहुलला सांभाळायचे नसते तर तुमच्याबरोबरच निघाले असते. भगिनींनो, दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. काव्याची गोडी घ्यायची, पण विवेक गहाण टाकायचा नाही, हे बाबासाहेबांचे वाचन आहे. मार आणि त्याची सेना यांचेही तेच. अश्वघोषाने एक सबंध सर्ग त्या लढाईला दिला आहे. बाबासाहेब मात्र मार म्हणजे मनात उठणारे वाईट विचार आणि विकार असे सांगून पुढे जातात.

भाषांतरकाराचे कामही असेच निवडीचे असते, ते केवळ शब्दाला शब्द ठेवण्याचे नसते. या काव्याच्या नावाचेच पाहा. ‘चरित’ या शब्दात जीवन हा अर्थ आहे आणि केलेली कृत्ये हाही आहे. बील आणि ऑलिव्हेल यांनी इंग्रजीत ‘बुद्धाचे जीवन’ असे नाव दिले, जॉन्स्टन यांनी ‘बुद्धाची कृत्ये’ असे दिले. एकाच शब्दाने एकदा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास डोळ्यांपुढे येतो आणि एकदा कर्तृत्व येते. दोघांपैकी कोणी चुकलेला नाही. म्हणूनच शक्य तेव्हा दोन भाषांतरे ताडून पाहावीत.

काही शब्द तर भाषांतराला दादच देत नाहीत. ‘धर्म’ हा त्यातला पहिला. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यासाठी कधी कायदा, कधी कर्तव्य, कधी सदाचार, कधी ‘रिलिजन’ असे निरनिराळे शब्द वापरले. बाबासाहेबांनी सबंध ग्रंथ इंग्रजीत लिहिला, पण ‘धम्म’ हा शब्द तसाच ठेवला. इतकेच नव्हे, तर रिलिजन म्हणजे काय, धम्म म्हणजे काय, दोहोंत फरक कोणता, यासाठी ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले. भाषांतराचा एवढा उपयोग करून घेणाऱ्या माणसाला भाषांतराची मर्यादाही पक्की ठाऊक होती.

भाषांतराला हलके मानणे हे आपल्या धम्माच्याही विरुद्ध आहे. विनयपिटकात एक हकीकत आहे. यमेळू आणि तेकुल नावाचे दोन भिक्षू, जन्माने ब्राह्मण. ते भगवंतांकडे जाऊन म्हणाले की, नाना कुळांतले लोक संघात आले आहेत, ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, आम्ही ते छंदोबद्ध करून टाकतो. भगवंतांनी त्यांना फटकारले, तसे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. एका भाषेला कुलूप आणि किल्ली एका वर्गाच्या कमरेला, ही व्यवस्था तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच नाकारली.

कोणी म्हणेल, मग अश्वघोषाने संस्कृतात का लिहिले? त्याचे उत्तर त्यानेच ‘सौंदरनंद’ या आपल्या दुसऱ्या काव्याच्या शेवटी दिले आहे. कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून त्यात मध घालतात, तसा मी धम्म काव्यात घातला आहे, असा त्याचा आशय आहे. ज्यांना काव्याची गोडी होती त्यांच्यापर्यंत तो त्यांच्याच भाषेत गेला. भाषा शत्रू नसते. भाषेवर पहारा बसवणारा शत्रू असतो. म्हणूनच ज्यांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्या बाबासाहेबांनी १९४९ साली संस्कृत ही संघराज्याची राजभाषा व्हावी या दुरुस्तीला पाठिंबा दिला होता. मनात डूख धरणारा माणूस असे करीत नाही.

आता आपण काय करावे? मोठे काही सांगत नाही, चार साध्या गोष्टी सांगतो.

येत्या वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायला बसाल तेव्हा केवळ पारायण करून पाने संपवू नका. एखादा प्रसंग वाचून झाला की थांबा आणि विचारा, हा कुठून आला? भदन्त आनंद कौसल्यायन यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ संदर्भ शोधण्याचे मोठे काम केले आहे. ज्यांना हिंदी वाचता येते त्यांनी ते जरूर पाहावे.

घरात इंग्रजी शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर बील आणि कोवेल यांची भाषांतरे त्यांना शोधायला सांगा. ती जुनी असल्याने आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. ज्या मोबाईलवर रात्री बारापर्यंत गाणी चालतात, त्यावर आठवड्याला एक सर्गही चालू द्या. मुलांनी इंग्रजी वाचावे आणि मराठीत आजीला सांगावे. मुले सांगता सांगता भाषांतर करायला शिकतील आणि आजीही दोन प्रश्न विचारील.

मुलांना पाली शिकवा. ज्याला आवड आहे त्याला संस्कृतही शिकू द्या. “आपल्याला काय करायचंय ते” असे म्हणून त्याचा हात मागे ओढू नका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी लोटलेले दार आता आपण आतून लावून घेण्यात शहाणपण नाही. आणि जो शिकेल त्याने एवढे ध्यानात ठेवावे की, शिकलेले आपल्यापाशीच कोंडून ठेवायचे नाही. ते वस्तीच्या भाषेत, कामावरून दमून आलेल्या माणसाला समजेल अशा मराठीत उतरवून द्यायचे.

बुद्धचरिताचे अर्धे संस्कृत हरवले, पण काव्य मेले नाही, कारण कोणीतरी ते वेळीच दुसऱ्या भाषेत नेले होते. जे एकाच भाषेत, एकाच जातीच्या तिजोरीत राहते ते वाळवीच्या तोंडी जाते. जे लोकांच्या तोंडी जाते ते टिकते.

नमो बुद्धाय! जयभीम!